बाळाची माणसे काचेबाहेर का?

नायगावच्या पूर्वेला, चंडिका देवीच्या डोंगराच्या सान्निध्यात वसलेले जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून ओळखले जाते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली, चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. तरीही अशा गावात मूल जन्माला आले की आजी, आत्या, काकू, शेजारीण अशी सारी माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. बाळाला कसे धरावे, केव्हा पाजावे, रडले तर काय करावे, हे नव्या आईला शिकवणारी पाठशाळा घरातच भरते.

परंतु तेच बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले की चित्र पालटते. बाळ काचेच्या पेटीत, आई दुसऱ्याच वॉर्डात किंवा थेट घरी, आणि वडील जिन्याच्या पायरीवर! ओली बाळंतीण लोकलच्या गर्दीतून प्रवास करून येते, भेटीच्या ठरावीक वेळेत काचेपलीकडून लेकराला पाहते आणि परत फिरते. ही कोणा एका रुग्णालयाची नव्हे, तर वर्षानुवर्षे रूढ झालेल्या पद्धतीची कथा आहे. जन्मदात्यांनाच पाहुणे ठरवणारी ही पद्धत आता बदलली पाहिजे.

तिच्या मुळाशी संसर्गाचे भय होते, आणि ते निराधार नव्हते. मात्र इंग्लंडमध्ये १९५९ सालीच प्लॅट समितीने रुग्णालयातील मुलांना आईवडिलांचा सहवास मुक्तपणे मिळावा, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रातही ही दृष्टी नवीन नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आईचे दूध हा नवजात बाळाच्या उपचाराचाच भाग आहे, हे त्या उपक्रमाने ठसवले.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. गावातल्याच स्त्रीला आरोग्यदूत म्हणून तयार करून, तिच्याकरवी मातांना नवजात बाळाची देखभाल शिकवून, ३९ गावांत त्यांनी घरोघरी सेवा पोहोचवली. नवजात बालकांचे मृत्यू तेथे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे ज्ञान झोपडीतील मातेला देता येते, ते रुग्णालयाच्या आवारात का देता येऊ नये?

अनुभव काय सांगतो?

दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने हाच प्रश्न स्वतःला विचारला. तेथे पालकांना हात धुण्यापासून बाळाला हाताळण्यापर्यंतचे शिक्षण देऊन नवजात कक्षात सामावून घेण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत, पालक आत आल्याने संसर्ग वाढल्याचे आढळले नाही. उलट, घरी जाण्यापूर्वी निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ६७ टक्क्यांच्या तुलनेत ८० टक्के होते. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या.

दिल्लीचेच सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होते, तो पाच देशांतील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले असता, पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच ठेवावी लागली. आईच्या उबेचे मोल जे घराघरांत ठाऊक होते, त्यावर शास्त्राने शिक्कामोर्तब केले.

याची दुसरी, अतिशय वेदनादायक बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. विद्युत सुरक्षेतील उणिवांना पालकांची उपस्थिती हा पर्याय नव्हे. ती जबाबदारी शासनाचीच. परंतु बाळाशेजारी जागणारे घरचे माणूस असावे, हा विचार त्या रात्रीनंतर कोणाच्याही मनात आल्यावाचून राहत नाही.

आक्षेप आणि उत्तर

परिचारिकांच्या रिकाम्या जागा नातेवाइकांकरवी भरून काढण्याचा हा मार्ग तर ठरणार नाही ना, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. इंजेक्शन, सलाईन, यंत्रांवरील देखरेख हे प्रशिक्षित हातांचेच काम. पाजणे, पुसणे, उब देणे आणि बदल दिसताच सिस्टरांना हाक मारणे हे कुटुंबाचे. ही सीमारेषा रुग्णालयाने लेखी आखून द्यावी. दहा नातलगांची गर्दीही नको. शिकवून तयार केलेली दोन माणसे पुरेत. त्यांत वडीलही असावेत. बाळाचे करणे हे केवळ बायकांचे काम, ही समजूत सोडावी लागेल.

यातून आणखी एक मोठा लाभ संभवतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी हल्ले थांबले नाहीत. बंद दाराआड काय चालले आहे, हे न कळल्याने संशय वाढतो. परिचारिकांची धडपड ज्याने रात्रभर डोळ्यांनी पाहिली, तो पिता सहसा हात उगारणार नाही.

मात्र पालकांनी आत राहायचे, तर त्यांच्या निवाऱ्याचे आणि बुडालेल्या रोजंदारीचे काय? येथे समाजाची परीक्षा आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती अनेक दशके बाहेरगावच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना आसरा देत आली आहे. असे निवारे जिल्हा रुग्णालयांजवळही उभे राहावेत. गावोगावच्या मंडळांनी एखाद्या कुटुंबाचा डबा, थोरल्या मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे एवढे सांभाळले तरी ते आईबाप निश्चिंतपणे बाळापाशी बसू शकतील. आणि ते बाळ घरी परतेल तेव्हा रुग्णालयात शिकलेली स्वच्छतेची व स्तनपानाची शिस्त पाळण्यास आजी-आत्यांनीही साथ द्यावी.

रुग्णालयाने दार उघडावे, कुटुंबाने शिस्तीने आत जावे आणि समाजाने त्यांच्या घराची काळजी वाहावी. तिघांनी आपापला वाटा उचलला, तर काचेपलीकडून लेकराकडे पाहत परतण्याची वेळ कोणत्याही मातेवर येणार नाही.