उंबरखिंडीचा खेळ आणि नियमांची मालकी

१/ खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कोकण जिंकण्यास पाठवलेल्या कारतलबखानाची फौज येथे शिवाजी महाराजांनी कोंडीत पकडली. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही अंगांच्या रानात मावळे. अखेर रायबाघनच्या सल्ल्याने खान शरण आला.

२/ हा प्रसंग टेबलावरील रोलप्लेइंग खेळासाठी जणू घडवलेला आहे. एक जण सूत्रधार. बाकीच्यांपैकी कोणी रायबाघन, कोणी खान, कोणी हेर. डाव अडला की फासा निर्णय देतो. खानाने सल्ला धुडकावला असता तर? याचे उत्तर खेळून शोधताना घाटाची उतरण, पाण्याची सोय, फौजेचे ओझे हे सारे अभ्यासावे लागते.

३/ मात्र असा खेळ लिहू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो: नियम कोणाचे? या प्रकारातील आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणला. पुढे त्याची मालकी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’कडे गेली. या कंपनीने २००० मध्ये मूळ नियमांचा मजकूर मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. त्यावर अनेक लहान प्रकाशक उभे राहिले.

४/ जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्दबातल ठरवण्याचा आणि मोठी विक्री असणाऱ्यांकडून स्वामित्वशुल्क घेण्याचा त्यात बेत होता. खेळाडू संतापले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम परत घेता न येणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिले.

५/ कोणी म्हणेल, कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. खरे आहे. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. फासा टाकून यशापयश ठरवण्याची रीत कोणाची नाही. पण ती सांगणारे शब्द, चित्रे, नकाशे त्यांच्या निर्मात्याचे. या दोहोंमधली रेषा नेमकी कोठे, हे न्यायालयात ठरवून घेणे नवख्या लेखकाला परवडत नाही. लेखी परवाना हवा तो यासाठी.

६/ सामायिक नियमांचे बळ आपल्याला अपरिचित नाही. आपला हुतुतू तामिळनाडूत सडुगुडु, बंगालात हाडुडू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी नियम लिहून छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रदर्शन केले. दर सामन्यामागे कोणी शुल्क मागितले असते, तर गावोगावचे संघ एकमेकांशी कसे खेळले असते?

७/ इतिहासालाही हीच रेषा लागू होते. उंबरखिंडीची लढाई कोणाच्या मालकीची नाही. तिचे वर्णन करणारे कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ही सर्वांचे. पण आधुनिक भाषांतर, आज काढलेला नकाशा किंवा छायाचित्र यांना आपल्याकडे साधारणतः निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. इंटरनेटवर सापडले म्हणून ते आपले होत नाही.

८/ ‘नियम खुले केले तर दुसराच कोणी विकून पैसे कमावेल’ ही भीती रास्त आहे. परंतु श्रेय देण्याची अट घालता येते. आपल्या नियमांवर बेतलेले नियमही खुलेच राहावेत, अशीही अट घालता येते. कथा, पात्रे आणि चित्रे स्वतःकडे राखता येतात. माझे मत स्पष्ट आहे: नियम सर्वांचे, कथा लिहिणाऱ्याची.

९/ कर्जतच्या मुलांनी १६८४ मध्ये मोगलांनी घेतलेल्या कोथळीगडावर खेळ लिहावा, खालापूरच्यांनी उंबरखिंडीवर. नियम एकच असतील, तर एका खेळातला हेर दुसऱ्यात सहज जाईल आणि पुढच्या लेखकाला पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

१०/ म्हणून खेळ लिहायला घेतलात, तर पहिल्याच पानावर दोन ओळी लिहा: यातले काय सर्वांना खुले आहे आणि काय राखीव आहे. आणि परवाना असा निवडा, की उद्या तुम्हाला स्वतःलाही तो परत घेता येऊ नये. (समाप्त)