एक तलवार, दोन म्यानं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपली म्हण. मला आज जरा वेगळंच भांडण काढायचंय. तलवार एकच असली तरी म्यानं दोन लागतात, आणि "एकातच भागवू" म्हणणाऱ्यांशी माझं वाकडं आहे.

निमित्त माझ्या मामेभावाचं. तो आयडाहोत, बॉयसीला असतो. मी शेजारच्या मोंटानात. दोन महिने अभ्यास करून त्याने पिस्तूल घेतलं. वजन, पकड, किती गोळ्या मावतात, सगळ्याचा तक्ता केला होता पठ्ठ्याने. आणि होल्स्टरचं मला विचारलं ते फोन ठेवता ठेवता. "दादा, एकच सांग ना, बाजारात जाताना पण चालेल आणि ट्रेकला पण." मी म्हटलं, असं होल्स्टर नसतं. त्यावर, "तू उगाच खर्चात पाडतोस."

तर मंडळी, हा खर्चाचा हिशोब जरा मांडूनच टाकतो. पिस्तूल बाळगावंच का, हा वाद आज नको. (आत्या, तुझं मत मला तोंडपाठ आहे :-) ) एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर. त्यांनी पुढचं नुसतं करमणूक म्हणून वाचावं.

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचा खिसा, असं लोकांना वाटतं. माझं म्हणणं, पिस्तुलाचा खरा सुरक्षा-खटका तोच. त्याची कामं तीन: चाप पूर्ण झाकायचा, पिस्तूल घट्ट धरून ठेवायचं आणि ते कायम एकाच जागी, आपल्याच हाताशी ठेवायचं. यातलं एक जरी चुकलं तरी काय होतं त्याचे दाखले हवेत? प्लॅक्सिको बरेस हा न्यू यॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू. २००८च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून देणारा टचडाउन त्याचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका नाइटक्लबात, होल्स्टरशिवाय नुसतंच पँटच्या कमरेत खोचलेलं पिस्तूल घसरलं आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पुढे विनापरवाना बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली ती वेगळीच. पिस्तूल म्हणजे कनवटीला लावायची तपकिरीची डबी नव्हे!

दुसरा दाखला माझ्या भावाच्याच राज्यातला. ३० डिसेंबर २०१४, आयडाहोतलं हेडन गाव. पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली पर्स एका आईने दुकानातल्या ढकलगाडीत ठेवली होती. शेजारी बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने हात घातला, गोळी सुटली आणि ती माऊली जागीच गेली. तिच्याकडे परवाना होता. पर्सही त्याच कामासाठी बनवलेली होती. पण पर्स अंगावर नव्हती. माझ्या भावाची मुलगी तीन वर्षांची आहे. मी खर्चात पाडतो ते एवढ्यासाठी.

आता रोजचं बघू. गावात पिस्तूल दिसता कामा नये. म्हणून पँटच्या आत, पट्ट्याला क्लिपने अडकणारं होल्स्टर. ते शक्यतो कायडेक्सचं, म्हणजे तापवून त्या-त्या पिस्तुलाच्या आकारात दाबलेल्या कडक प्लास्टिकचं. चामडं दिसायला देखणं, अंगालाही मऊ; पण जुनं होऊन लुळं पडलं की पिस्तूल आत सारताना त्याची घडी चापापाशी अडकू शकते. 'सगळ्यांना बसेल' म्हणून विकतात ती कापडी पिशवी तर हातातसुद्धा घेऊ नका. सगळ्यांना बसतं ते कुणालाच धड बसत नाही. आणि पट्टा जाड, ताठ हवा. लोळणाऱ्या पट्ट्यावर उत्तमातलं होल्स्टरही लोंबतंच.

हेच होल्स्टर घालून डोंगरात जा. पाठीवर सॅक चढवा आणि तिचा कमरपट्टा आवळा. कुठे बसला तो? बरोबर पिस्तुलाच्या मुठीवर. चालताना ती मूठ बरगडीखाली टोचते, आणि काढायची वेळ आली तर आधी सॅकचा पट्टा सोडा, मग शर्ट वर करा. दोन मैलांत माणूस वैतागतो आणि पिस्तूल काढून सॅकमध्ये टाकतो. म्हणजे पुन्हा तीच हेडनची पर्स. शिवाय उपयोग शून्य: अस्वल ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतं. तीस मीटर म्हणजे जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात सॅकची चेन तरी उघडते का?

म्हणून डोंगरात छातीवरचं होल्स्टर. अलास्कातले मासेमार छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून पाण्यात उभे राहतात, त्यांना कमर उपलब्धच नसते. सॅकवाल्यांचंही तेच. छातीवरचं होल्स्टर सॅकच्या पट्ट्यांमध्ये बसतं, जॅकेटवरून घालता येतं आणि दोन्ही हातांच्या टप्प्यात राहतं. दोष आहेतच. गावात ते लपत नाही, गाडीच्या सीटबेल्टखाली अडचण करतं, आणि नळी तिरकी असल्याने पिस्तूल काढताना आपला डावा हात आणि डावीकडचा माणूस सांभाळावा लागतो. सिनेमातल्या हिरोसारखं काखेतलं आडवं होल्स्टर मात्र नको. त्यात नळीचं तोंड सरळ मागे असतं, आणि पायवाटेवर मागून चालणारी व्यक्ती बहुधा आपली बायको असते.

"दोन जागा केल्या की हाताची सवय मोडते," हा आक्षेप मी ऐकलाय, आणि तो अगदीच पोकळ नाही. रोज कमरेवरची जागा बदलणाऱ्याचा हात गोंधळतोच. पण ट्रेकला निघताना आपण बूट, कपडे, सॅक, सगळंच बदलतो. हातालाही ते कळतं. घरी रिकाम्या पिस्तुलाने, सॅक चढवून, जॅकेट घालून सराव करायचा. जो तेवढाही करणार नाही, त्याला एका होल्स्टरनेही सवय लागणार नाही.

आणखी एक. २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगता येतं, पण तिथल्या माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत नेता येत नाही. म्हणजे यलोस्टोनला गेलात की दिवसातून चारदा ते अंगावरून काढून गाडीतल्या कुलूपबंद पेटीत ठेवणं आलं. दर वेळी पिस्तूल हाताळणं म्हणजे दर वेळी नवा धोका. होल्स्टर असं हवं की पिस्तूल बाहेर न काढता होल्स्टरसकट उतरवता येईल.

आणि अस्वलाचा स्प्रे घ्याच. अलास्कातल्या १९८५ ते २००६च्या घटना तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्प्रे जवळ असलेले ९८ टक्के लोक अस्वलाशी जवळून गाठ पडूनही इजेविना सुटले होते. पण तोही सॅकच्या तळाशी नको, पट्ट्यावर हवा.

असो. पिस्तूल घ्यावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्यावर एवढे डॉलर घालून झाल्यावर दुसऱ्या म्यानाचे पैसे जड वाटत असतील, तर माझं सरळ म्हणणं आहे: तलवार घरीच, कुलपात राहू दे.