गुण न देणारा वाचक

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत 'रायटिंग सेंटर' या नावाचे एक लहानसे खाते असते, आणि शैक्षणिक वर्षाच्या आरंभी तेथील सल्लागारांचा परिचय विद्यार्थ्यांना करून देण्याचा शिरस्ता अनेक ठिकाणी पडून गेला आहे. हा परिचय वाचणाऱ्या आपल्याकडील माणसास प्रथम थोडे चमत्कारिक वाटते. सल्लागार म्हटले की पिकल्या केसांचा, नावापुढे पदव्यांची रांग लागलेला आणि भेटीसाठी आत चिठ्ठी पाठवावी लागते असा कोणी गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे पाहावे तो जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातील एखादी मुलगी, इतिहासाचा एखादा संशोधक विद्यार्थी, अशी मंडळी आपला विषय, आपले गाव, आवडती पुस्तके आणि क्वचित पाळलेल्या मांजराचे नावदेखील सांगून मोकळी झालेली असतात. हा पोरकटपणा आहे असे कोणी म्हणेल. मला तो फार विचारपूर्वक केलेला वाटतो. ज्याच्यापुढे आपला खाडाखोडीचा मसुदा ठेवावयाचा, तो मनुष्य आपल्यासारखाच परीक्षांच्या आणि मुदतींच्या कचाट्यात सापडलेला आहे एवढी खात्री पटली म्हणजे त्या खोलीत पाऊल टाकण्याचा निम्मा संकोच तेथेच गळून पडतो.

समजा, सांगली-कोल्हापूरकडचा, नागरी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गातील एखादा विद्यार्थी भूजलावरचा आपला निबंध घेऊन तेथे गेला. सल्लागार मुलगी त्याच्या समोर न बसता शेजारी बसते; कागद त्याच्याच पुढ्यात राहतात आणि पेन्सिलही त्याच्याच हाती. प्राध्यापकांनी नेमके काय मागितले आहे आणि निबंध केव्हा द्यावयाचा आहे, एवढे विचारून झाले की ती त्याला मोठ्याने वाचावयास सांगते. पहिले पान मानवी जीवनातील पाण्याच्या महत्त्वात जाते, दुसरे प्राचीन काळापासून चालत आलेल्या विहिरी-तलावांत. वाचता वाचता एका लांबलचक वाक्यात तो स्वतःच अडखळतो आणि कोणी न सांगता त्याखाली रेघ ओढतो. मग तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका गौण वाक्याच्या पोटात, त्याने वर्षभर खपून काढलेला निष्कर्ष निघतो. ती विचारते, "हे इतक्या उशिरा का?" तो सांगतो की आमच्याकडे आधी प्रस्तावना, मग विषयाचे महत्त्व, मग बाकीचे. "बरे, आता कागदाकडे न पाहता मला सांग, तुला काय सापडले?" तो चार वाक्यांत स्वच्छ सांगतो. ती म्हणते, "आता जे बोललास, ते लिहून ठेव." शुद्धलेखनाचा आणि विरामचिन्हांचा विषय वेळ उरला तर निघतो; युक्तिवाद आणि रचना ही आधीची कामे, व्याकरण नंतरचे, असा तेथील क्रम आहे. या निबंधास किती गुण पडतील, हे मात्र ती सांगत नाही, कारण तो तिचा अधिकारच नव्हे.

माझ्या मते या सर्व व्यवस्थेचे मर्म याच अधिकारशून्यतेत आहे, आणि ते तेथील लोकांनाही एका दिवसात उमगले नाही. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅनली यांनी १९३४ मध्ये अशी 'लेखन प्रयोगशाळा' सुरू केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे अशा खोल्यांकडे जग कच्च्या विद्यार्थ्यांचा दवाखाना म्हणूनच पाहत होते. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त उत्तीर्ण अशा प्रत्येकास प्रवेशाचे दार उघडले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी हजारो मुले वर्गांत येऊन बसली. ब्रुकलिन कॉलेजातील केनेथ ब्रफी यांना त्या काळात असे आढळले की, प्राध्यापकांनी वर्गाबाहेर देऊ केलेली मदत ही मुले घेत नाहीत, कारण तीही त्यांना वर्गाचेच शेपूट वाटते. परंतु तीच मदत बरोबरीच्या विद्यार्थ्याने केली तर घेतात. सहाध्यायी सल्लागाराच्या कल्पनेने तेथे मूळ धरले. म्युरियल हॅरिस यांनी १९७६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात स्थापन केलेले केंद्र तर पुढे इंटरनेटवर आले, आणि आज संदर्भसूची कशी लिहावी हे पाहण्यासाठी आपल्याकडील संशोधक विद्यार्थीही तेथेच डोकावतात. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये आपल्याच सहकाऱ्यांवर चिडून एक निबंध लिहिला. हे केंद्र म्हणजे बिघडलेले लेख दुरुस्त करून देण्याचे दुकान नाही, लेख कसाही राहो, लिहिणारा सुधारला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता.

अर्थात हे तत्त्व ताणले तर त्याचेही कर्मकांड होते. सल्लागाराने काहीच सांगू नये, सारे विद्यार्थ्याच्याच तोंडून काढावे, अशी एक सोवळी परंपरा मध्यंतरी तेथे रूढ झाली होती. ज्याचा जन्म इंग्रजी भाषेत झाला, त्याला मोठ्याने वाचताना आपली चूक कानाने कळते. ज्याच्या मायबोलीत 'अ' आणि 'द' या उपपदांसारखे काही नाहीच, त्या मराठी मुलाने ते वाक्य शंभर वेळा वाचले तरी त्याच्या कानास काय खटकणार? ज्यूडिथ पॉवर्स यांनी १९९३ मध्ये हीच तक्रार लेखी मांडली की, परभाषेतून आलेल्या विद्यार्थ्यास प्रश्न विचारून भागत नाही, त्याला माहिती द्यावी लागते. ही तक्रार रास्त होती. निष्कर्ष पहिल्या पानावर यावा अशी तेथील वाचकाची अपेक्षा असते, हे सांगितल्यावाचून आपल्या सांगलीच्या मुलास कळण्याचा मार्ग नाही, आणि ते न सांगता नुसते "उशिरा का?" विचारत राहणे यात सौजन्यापेक्षा क्रूरताच अधिक.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या विद्यार्थ्याचे लेखन पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे जो वाचतो, तो परीक्षक असतो. शाळेत निबंध फळ्यावरून उतरवून घ्यावयाचा, महाविद्यालयात अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ करावयाचा, आणि पदव्युत्तर वर्गात प्रबंधिका लिहावयाची वेळ आली म्हणजे मागील वर्षाच्या बांधीव प्रती ग्रंथालयातून काढून आणावयाच्या, हा क्रम ठरून गेला आहे. मार्गदर्शक सज्जन असले तरी त्यांच्याकडे आठ विद्यार्थी आणि प्रशासनाचे सतरा कागद. त्यांच्याकडून मसुदा परत येतो तो लाल शाईच्या 'पुन्हा लिहा' या शेऱ्यासह, आणि काय पुन्हा लिहावयाचे हे विचारण्याचे धैर्य फारच थोड्यांच्या अंगी असते. मराठीत लेखनाचा जिव्हाळ्याने वाचक होण्याची परंपरा नव्हती, असे मात्र नाही. 'सत्यकथे'च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचून, पत्रे लिहून, पुनर्लेखन करावयास लावून जे काम केले, त्याचे ऋण मराठी कथेवर आहे. परंतु तेही संपादक होते. कथा छापावयाची की परत पाठवावयाची हा निर्णय अखेर त्यांच्याच हाती होता, आणि ते भाग्यही ज्यांना साहित्यिक व्हावयाचे होते त्यांच्याच वाट्यास आले. भूजलावर अहवाल लिहिणाऱ्याचा संपादक कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी नियम काढले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. आणि हे साम्य मोजणाऱ्या संगणकप्रणाली विद्यापीठांतून बसल्या. चोर पकडण्याची तजवीज झाली ती योग्यच, परंतु ज्याला दुसऱ्याचा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत कसा मांडावा हेच कोणी शेजारी बसून दाखविले नाही, तो अकरावा टक्का कोठून आला याचा उलगडा करू शकत नाही. तो शब्द फिरवतो, 'महत्त्वाचे'चे 'महत्त्वपूर्ण' करतो आणि प्रबंध पुन्हा यंत्रात घालतो. हल्ली तर शब्द फिरवून देणारी यंत्रेही फुकट मिळतात.

असे केंद्र आपल्याकडे काढण्यासाठी नव्या खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली 'कमवा व शिका' योजना आपल्या महाविद्यालयांतून आजही चालते. विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेत काम करतात, कार्यालयात नोंदी करतात आणि त्यांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो. या कामांच्या यादीत 'सहाध्यायाचा मसुदा वाचणे' हे एक काम घालावे. निवडीसाठी गुणपत्रिकेपेक्षा उमेदवाराचे स्वतःचे लेखन पाहावे आणि त्याला अर्धा तास दुसऱ्याचे ऐकून घेता येते की नाही, हे पाहावे. प्रथम श्रेणीतील पुष्कळांना ते साधत नाही, असा माझा अनुभव आहे. सत्राच्या आरंभी काही तासांचे शिक्षण द्यावे, पहिले काही आठवडे अनुभवी सल्लागाराच्या बाजूला नुसते बसवावे. काम मराठीतून चालावे, आणि ज्याचा प्रबंध इंग्रजीत आहे त्यानेही आपले म्हणणे आधी मराठीत सांगावे, कारण आमच्या मुलांचा विचार पुष्कळदा मराठीत धडधाकट असतो आणि इंग्रजीत उतरताना लंगडतो.

एक आक्षेप येईल की, विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास काय शिकवावयाचे. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्यासारखेच हे झाले. त्यावर एवढेच सांगता येईल की, येथे शिकविणे अभिप्रेत नाही. वाचताना आपण कोठे गोंधळलो हे प्रामाणिकपणे सांगण्यास विद्वत्ता लागत नाही, आणि विषयातील तज्ज्ञापेक्षा विषयाबाहेरचा वाचक ते अधिक बिनचूक सांगतो, कारण तज्ज्ञ लेखकाच्या चुकलेल्या दुव्यांत स्वतःचे ज्ञान भरून पुढे जातो. मला खरी भीती निराळी वाटते. आमच्या संस्थांत कोणतीही गोष्ट सुरू झाली की तिची नोंदवही होते, आणि नोंदवही झाली की ती विभागप्रमुखांच्या टेबलावर जाते; कोण मुलगा किती वेळा मदत मागावयास गेला, हे अंतर्गत गुण देणाऱ्याच्या नजरेस पडले की दुसऱ्या सत्रात त्या खोलीकडे कोणी फिरकणार नाही. सबब, ज्या परिपत्रकाने हे काम सुरू होईल त्याच्या पहिल्याच कलमात असे लिहावे की, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवाचून या भेटीची माहिती कोणत्याही अध्यापकास, विभागप्रमुखास अथवा प्राचार्यांस दिली जाणार नाही.