सूर्याचे पाणी आले, आता वाडीतल्या विहिरींवरचे टँकर थांबवा



अर्नाळा-आगाशीपासून निर्मळ, भुईगाव आणि वसईगावापर्यंतच्या पट्ट्यात केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला पिकला तो विहिरी आणि बावखलांच्या, म्हणजे खोदलेल्या तळ्यांच्या, पाण्यावर. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असून मधल्या जमिनीत गोडे पाणी लागते, ते जमिनीखाली कुठली भिंत आहे म्हणून नव्हे. पावसाचे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्यावर तरंगत राहते. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड. एवढ्याशा फरकामुळे शास्त्राचा हिशोब असा बसतो, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. हाच हिशोब उलटाही चालतो. उपसा करून ती पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालचे खारे पाणी हळूहळू 20 मीटर वर चढू शकते. विहिरीत पाणी दिसत राहते आणि बूड मात्र खारावत जाते. ‘आमच्या विहिरीला अजून पाणी आहे’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

चव बिघडायला फार मीठ लागत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. शंभर बादल्या गोड्या पाण्यात समुद्राच्या दोनच बादल्या मिसळल्या, तरी लिटरमागे 700 मिलिग्रॅम क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने क्षारांची इष्ट मर्यादा 500 धरली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000. सहा बादल्या मिसळल्या की तीही ओलांडली. पानवेल तर माणसाच्याही आधी मान टाकते.

पाऊस दरवर्षी सगळे भरून काढतो, असे सांगणारे बरेच आहेत. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे खरेच. पण मुरतो तो उघड्या जमिनीवरचा. वाडीवर इमारत उभी राहिली, बावखल भरावाने बुजवले, अंगणात काँक्रीट ओतले, की तोच पाऊस गटारातून खाडीला जातो. बावखल हे पावसाळ्यात पाणी धरून भोवतालच्या विहिरींना पुरवणारे यंत्र आहे, आणि ते आपल्या पूर्वजांनी खोदून ठेवले आहे. डासांचे कारण पुढे करून ते बुजवणे म्हणजे उंदरापायी घर जाळणे. शिवाय एकदा शिरलेला क्षार एका पावसाने धुतला जात नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पंपांच्या अतिउपशामुळे ऊना ते माधवपूर पट्ट्यातल्या विहिरी खारावल्या. 1970च्या दशकापासून तिथे समित्या नेमल्या गेल्या, बंधारे बांधले गेले, पुनर्भरणाच्या योजना झाल्या. तो खर्च आणि ती वर्षे पाहिली, की आधीच हात आवरणे किती स्वस्त आहे ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही झटकून टाकत नाही. नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहणारी माणसे तहानलेली आहेत, टँकर बंद केले तर त्यांनी काय प्यावे? 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने टँकरच्या उपशाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. आज आहे. एमएमआरडीएच्या 403 दशलक्ष लिटरच्या सूर्या योजनेत रोजचे 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आहेत, आणि ते पाणी 2023च्या अखेरीपासून येऊ लागले. नळ पोहोचला नसेल तिथे महापालिकेने टँकर जरूर द्यावेत. मात्र ते जलकुंभावर भरावेत, वाडीतल्या विहिरीवर नव्हे. वितरणातल्या उणिवेची भरपाई समुद्रकाठच्या भूजलाने करायची नसते. आणि हेही विसरू नये, की सूर्या योजनेला पाणी पुरवणाऱ्या धामणी धरणाच्या या पाण्यावर डहाणू-पालघरच्या शेतकऱ्यांचाही हक्क आहे. त्यांच्या वाट्यातले पाणी आणून आपण आपले स्वतःचे पाणी खारवून टाकणार असू, तर त्यांना कोणत्या तोंडाने सामोरे जाणार?

‘माझी जमीन, माझी विहीर, माझे पाणी’ असे म्हणणाऱ्या शेतकरी बांधवांना एवढेच सांगायचे आहे, की पंप सातबारा वाचत नाही. तुमच्या विहिरीतून भरलेल्या टँकरात शेजाऱ्याच्या वाडीचेही पाणी असते, आणि खारे पाणी आले की तेही दोघांकडे येते. राज्याचा 2009चा भूजल अधिनियम 2014पासून लागू आहे. विहिरींची नोंदणी आणि उपशावर नियंत्रण हे त्यातलेच विषय.

आमची मागणी आहे, की पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअरवरून पाणी विकण्यास बंदी घालावी, उरलेल्या प्रत्येक बावखलाची नोंद करून भराव रोखावा, आणि दरवर्षी मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, गावोगावच्या ठरावीक विहिरींचे क्षार मोजून ते आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत.