ऐंशीनंतर दोष जनुकांना कशाला?



शंभरी गाठलेल्या आजींच्या बातमीत ‘घराण्यातच हाडं काटक’ हे वाक्य हमखास सापडतं. उलट जिच्या आईचा खुबा मोडला होता, ती बाई आपल्याही नशिबी तेच, असं धरून चालते. या दोन्ही समजुतींना स्वीडनमधल्या जुळ्यांनी केव्हाच सुरुंग लावला आहे.

तिथल्या तेहतीस हजारांवर जुळ्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणसत्तरीच्या आत खुबा मोडण्याच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा 68 टक्के निघाला. सत्तरीत तो 47 वर आला आणि ऐंशीपुढे अवघ्या 3 टक्क्यांवर! हाडांची घनता बरीचशी आईबापांकडून येते, हे खरंच. म्हणून आईचा खुबा लवकर मोडला असेल, तर लेकीने पन्नाशीनंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. पण खुबा मोडायला बहुतेकदा आधी पडावं लागतं. साठीतला माणूस पडताना हात पुढे टाकतो, मनगटावर निभावतं. ऐंशीनंतर हात वेळेवर पुढे येत नाही, माणूस थेट कुशीवर आदळतो. आणि तो पडतो कशाने? न काढलेला मोतीबिंदू, झोपेची गोळी, न्हाणीघरातली ओली लादी.

फ्रान्सच्या झान काल्माँ 122 वर्षं जगल्या. दीर्घायुष्याची याहून मोठी शिदोरी कुणाला मिळाली? तरी 1990 च्या जानेवारीत, 115व्या वाढदिवसाच्या तोंडावर, त्या पडल्या आणि मांडीचं हाड मोडलंच.

त्याच वर्षी बोस्टनमधला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. (आपल्याकडे नव्वदीच्या आजोबांनी वजन उचलायचं म्हटलं, तर आधी सूनबाईच ओरडतील.) जनुकचाचणीच्या जाहिरातींना भुलणाऱ्या मुलांनी त्या पैशात न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी.

डॉक्टरांकडेही एक मागणी आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं की सगळे हुश्श करतात, ठिसूळ हाड मात्र तसंच राहतं. ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडाचं औषध दिलेल्या रुग्णांत नव्याने हाड मोडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूंचं 28 टक्क्यांनी घटल्याचं 2007 मध्ये दिसलं होतं. हे औषध प्रत्येकाला चालेलच असं नाही. पण हाडाचं कोणतं औषध द्यायचं किंवा का द्यायचं नाही, हे डिस्चार्ज कार्डावर टाके काढायच्या तारखेशेजारी लिहिलेलं असावं.

– एक वाचक, पुणे