मे महिना, मांडव आणि मुले

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, आमच्या धर्मग्रामातील चार प्रतिष्ठित सज्जन माझ्या कार्यालयात आले. चौघेही देवभीरू, चौघेही सणाला पहिल्या बाकावर बसणारे. त्यांची तक्रार अशी की, रेल्वेच्या पूर्वेस जी लहानशी मराठी प्रॉटेस्टंट मंडळी आहे, तिने दहा दिवसांची सुट्टीतील बायबल शाळा भरवली असून तेथे आपल्या धर्मग्रामातील अकरा मुले जात आहेत. "फादर, पुढच्या रविवारी वेदीवरून तुम्ही मनाई करा. उद्या ही मुले आपली राहायची नाहीत." मी मनाई केली नाही. तेव्हापासून 'फादर मवाळ आहेत' येथपासून 'फादरांना सिद्धांताचे गांभीर्य नाही' येथपर्यंत जे जे बोलले गेले, ते ते माझ्या कानी यथाकाल पोहोचले आहे. सेमिनरीत माझी जी काही वर्षे सिद्धांत शिकण्यात गेली, त्यांची लाज राखण्यासाठी तरी या आक्षेपाचे उत्तर देणे मला भाग आहे.

प्रथम ही मंडळी कोण, ते सांगितले पाहिजे. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तिची पाटीसुद्धा वाचलेली नाही. चाळीसएक कुटुंबे. पोटापाण्यासाठी नगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर या जिल्ह्यांतून आलेली. कोणाच्या पणजोबांनी अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत पाटी-पेन्सिल हाती धरली. हे मिशन नगरला १८३१ साली आले. म्हणजे ही माणसे कालपरवा उगवलेल्या कुठल्या पंथाची नव्हेत. ज्या रेव्हरंड टिळकांची गीते आपण आपल्या मिस्सात डोळे मिटून गातो, ते टिळक त्यांच्या मंडळ्यांतून वाढले. त्यांना स्वतःचे चर्च नाही. रविवारी एका शाळेचा वर्ग भाड्याने घेतात. बाके सरकवतात, उपासना झाली की पुन्हा जागच्या जागी लावतात.

तक्रार ऐकल्यावर मनाई करण्यापूर्वी एकदा पाहावे तरी, म्हणून मंगळवारी सकाळी आठ वाजता मी तेथे गेलो. पाळकसाहेब दारातच होते. पस्तिशीचे, कृश, आणि माझ्या झग्याकडे पाहून थोडे गांगरलेले. "फादर, काही चुकले का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्यासारख्या मोठ्या घरच्या माणसाला शेजारच्या लहान घरात असे स्वागत मिळावे, याचा अर्थ काय, तो वाचकांनीच लावावा.

आत साठेक मुले होती. वयानुसार तीन गट. एका गटाला एक मुलगी, बहुधा कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, उधळ्या पुत्राची गोष्ट सांगत होती. डुकरांचा आवाज काढण्याची वेळ आली तेव्हा तिने तो काढला, न लाजता. दुसऱ्या गटात हातवारे करून गाणे चालले होते. तिसऱ्यात जुन्या लग्नपत्रिका कापून तारवातले प्राणी बनवले जात होते. रोज एक वचन पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी ते म्हणून दाखवायचे. साडेदहाला लिंबाचे सरबत आणि पोहे. ते पोहे कोणी केले? महिला मंडळाच्या बायकांनी, पाळीपाळीने, घरचा गॅस जाळून. सतरंज्या कोणी घातल्या? एका निवृत्त बसचालकाने. चपला ओळीने लावण्याचे काम एका गतिमंद तरुणाकडे होते, आणि ते तो असे करीत होता की, वेदीसेवकांनी शिकावे. शिकवणारी सर्व मुले-मुली एप्रिलअखेरीस तीन दिवस स्वतः शिकून आली होती. फी नाही. ऐपत असेल त्याने पाकिटात काही घालावे, त्यातून जूनमध्ये गरजू मुलांना वह्या.

संध्याकाळचीही हकीकत विचारून घेतली. मे महिन्यात घरात उकाडा, म्हणून कुटुंब-प्रार्थना इमारतीच्या गच्चीवर होते. ज्या गच्चीवर संध्याकाळी प्रार्थना, त्याच गच्चीवर सकाळी बायका मिळून कुरडया-पापडांचे वाळवण घालतात. विकून आलेला पैसा मंडळीच्या खात्यात. गावी जाणारी कुटुंबे आळीपाळीने जातात, कारण सगळी एकदम गेली तर उपासनेत पेटी वाजवायला कोणी उरायचे नाही. या शेवटच्या वाक्याने मला रात्रभर छळले. आमच्या धर्मग्रामात आठ हजारांहून अधिक माणसे आहेत. त्यांपैकी किती जण एका रविवारी आले नाहीत तर काही अडेल?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, तेथे जाऊन मुले पवित्र मरियेला विसरतील. आपले आणि त्यांचे मतभेद खरे आहेत, ते पुसून टाकावेत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ख्रिस्तशरीर संस्कार, धर्मगुरुपद, संतांची मध्यस्थी, पोपमहोदयांचा अधिकार, या गोष्टी आमच्या मुलांना त्या वर्गात कोणी शिकवणार नाही, आणि त्या शिकवल्या गेल्याच पाहिजेत. परंतु त्या कोणी शिकवायच्या? १९८३च्या धर्मविधी-संहितेतील ७७४वे कलम शब्दाने आणि आचरणाने मुलांना श्रद्धेत वाढवण्याचे कर्तव्य सर्वांआधी आई-वडिलांवर टाकते. त्या चौघांपैकी एकाला मी विचारले, "तुमच्या घरी जपमाळ होते का?" "फादर, हल्ली वेळा जुळत नाहीत." मग मरियेला मुले पूर्वेच्या त्या वर्गात विसरली, की पश्चिमेच्या आपल्या दिवाणखान्यात? जी गोष्ट मुलाला कधी दिलीच नाही, ती शेजाऱ्याने चोरली अशी फिर्याद कोणत्या न्यायालयात चालते?

दुसरा आक्षेप फूस लावण्याचा. या बाबतीत सावध राहणे रास्तच आहे. आपला बाप्तिस्मा खोटा ठरवून कॅथलिकांना पुन्हा पाण्यात बुडवणारे काही गट आपल्या भागात फिरतात, आणि त्यांच्याविषयी मी वेदीवरून एकदा नव्हे, तीनदा बोललो आहे. पण सर्वांना एकाच दावणीला बांधणे हा आळस आहे, श्रद्धानिष्ठा नव्हे. मी पाळकसाहेबांना हे सरळ विचारले. ते म्हणाले, "फादर, तुमच्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला आहे. आम्ही तो मानतो. त्यांना आम्ही गोष्टी सांगतो." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दिला. विभक्त बंधूंमध्ये जे खरोखर ख्रिस्ताचे आहे ते आनंदाने ओळखावे व त्याचा आदर करावा, असे तो आदेश कॅथलिकांना सांगतो. 'नाइलाजाने' असे तो म्हणत नाही. साठ वर्षे उलटली तरी आपल्याला अजून त्या मंडळीची पाटी वाचता येत नाही, हा दोष माझ्यासारख्या धर्मगुरूंचाही आहे.

त्या मंडळीचे चित्र मी फार गोड रंगवतो आहे, असे कोणी म्हणेल. लहान मंडळ्यांतील भांडणेही मला माहीत आहेत. वडील मंडळींच्या निवडणुका, दोन पाळकांचे दोन पक्ष, मिशनच्या जमिनींवरून पिढ्यान् पिढ्या चाललेले दावे. जेथे सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे दुखावणेही जवळून होते. ते असो. मला त्यांच्याकडून धर्मसिद्धांत घ्यायचा नाही, की घटनाही नाही. मला त्यांचा मे महिना हवा आहे.

कारण आपला मे महिना कसा जातो? एप्रिलमध्ये धर्मशिक्षणाची परीक्षा झाली की वर्गांना कुलूप लागते, ते जूनमध्ये उघडते. जणू प्रभू येशूलाही उन्हाळी सुट्टी लागते. प्रायश्चित्तकाळात लग्ने नकोत म्हणून थांबलेली सारी लग्ने ईस्टरनंतर एकदम येतात. मांडव, ब्रास बँड, तीन-तीन दिवसांच्या पंक्ती, ड्रोनने काढलेली छायाचित्रे. ३ मेच्या सुमारास गावोगावच्या क्रुसांपाशी प्रार्थना होतात, ही आपली जुनी आणि सुंदर रीत. परंतु तेथेही हल्ली प्रार्थना वीस मिनिटे आणि ध्वनिक्षेपक मध्यरात्रीपर्यंत, असे प्रमाण पडू लागले आहे. आणि मुले? ज्यांची ऐपत आहे ती व्यक्तिमत्त्व-विकासाच्या शिबिरांत, जेथे दहा दिवसांचे काही हजार रुपये घेऊन त्यांना 'नेतृत्व' शिकवले जाते. ज्यांची ऐपत नाही ती घरी, मोबाइल घेऊन, पंख्याखाली. ती अकरा मुले कोण, याची मी चौकशी केली. नऊ जणांच्या आया सकाळी कामावर जातात. ती मुले कोणाच्या सिद्धांताला भुलून पूर्वेला गेली नव्हती. तेथे दार उघडे होते म्हणून गेली होती.

आपले दार बंद का होते? येथे मला स्वतःवरच बोट ठेवावे लागते. आमच्या धर्मग्रामाचे सभागृह मोठे आहे. पंखे आहेत, पाणी आहे, स्वच्छतागृहे आहेत, मागे स्वयंपाकघर आहे. ते गेल्या मे महिन्यात एकतीसपैकी चोवीस दिवस लग्नांसाठी दिलेले होते. उरलेले सात दिवस धुणे-पुसणे आणि विजेची दुरुस्ती. प्रत्येक पावतीवर सही माझी आहे. त्या पैशांतून चर्चचे छप्पर दुरुस्त झाले, हे खरे. आणि छप्पर गळू नये असे मलाही वाटते. परंतु लोकांच्या वर्गणीतून, 'आपल्या मुलांसाठी' असे सांगून बांधलेल्या वास्तूत वर्षातील एकाही उन्हाळ्यात मुलांना दहा सकाळी मिळू नयेत, याला व्यवस्थापन म्हणायचे की भाडेवसुली?

या शाळांचा उगम मोठा बोलका आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील दाट वस्तीत श्रीमती हॉज नावाच्या एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी बायबल शाळा सुरू केली. जागा मिळेना, म्हणून त्यांनी चक्क बिअर विकणाऱ्या गुत्त्याचा हॉल भाड्याने घेतला. पुढे १९०१पासून रॉबर्ट बोव्हिल नावाच्या बाप्टिस्ट गृहस्थांनी या कल्पनेला संघटित रूप दिले. त्या बाईंनी दारूच्या हॉलात शाळा भरवली. आपण शाळेच्या हॉलात दारू भरवतो. वाक्य कडू आहे, पण ज्यांनी लग्नानंतरच्या सकाळी आमच्या सभागृहामागच्या बाटल्या मोजल्या आहेत, ते त्याला खोटे म्हणणार नाहीत.

आणि हे सारे 'प्रॉटेस्टंटांचे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आपल्याच घराचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. ऐन मे महिना. नंतर हा पोपचा प्रतिनिधी हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना हाका मारीत फिरला, आणि त्यांना चर्चमध्ये नेऊन धर्मशिक्षण देऊ लागला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेले, १६१६ साली छापून निघालेले ख्रिस्तपुराण हे गाऊन ऐकवण्यासाठीच होते. कंटाळवाण्या प्रश्नोत्तरांनी मराठी मन भिजत नाही, हे त्या इंग्रज माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळले होते. संत जॉन बॉस्को तुरीनमध्ये आपली पोरे घेऊन जागोजागी हाकलले गेले, आणि १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांना व्हाल्दोक्को येथे एक साधी शेड मिळाली. खेळ, गाणे, प्रार्थना, न्याहारी. पूर्वेच्या त्या भाड्याच्या वर्गात मी जे पाहिले, ते हेच होते. आपलीच ठेव शेजाऱ्याने सांभाळली आणि आपण त्याच्यावरच चोरीचा आळ घेतला.

म्हणून येत्या १ ते १० मे या दिवसांसाठी सभागृहाच्या नोंदवहीत मी स्वतः लाल शाईने रेघ मारली आहे. पॅरिश कौन्सिलमध्ये वाद झाला. "दहा दिवस नव्हे फादर, दहा लग्ने जातात," असे खजिनदारांनी सांगितले, आणि हिशोबाच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. सकाळी मुले आणि संध्याकाळी लग्न, असा मध्यम मार्गही सुचवला गेला; परंतु सजावटवाले पहाटेच शिड्या घेऊन येतात, तेव्हा मुले बसणार कोठे? तीन तासांच्या बैठकीनंतर दोन मतांनी ठराव झाला. त्यानंतर आठवड्याने, गेल्या मे महिन्यात तक्रार घेऊन आलेल्या त्या चौघांपैकी एक गृहस्थ पुन्हा आले. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न ६ मे रोजी ठरले आहे. "फादर, मुलांचे काय, ती कुठेही बसतील," ते म्हणाले. मी नाही म्हटले. माणूस मनाचा चांगला आहे. मिस्साला येतो, पण मिस्सा संपल्यावर माझ्याशी हस्तांदोलन न करता बाजूच्या दाराने निघून जातो. मला त्याचे वाईट वाटते. लाल रेघ मात्र तशीच आहे.

मुलांची नावे एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून घेतली जातील. गोष्टी सांगणारे वीस तरुण-तरुणी हवेत. आजवर सात आले आहेत. न्याहारीसाठी प्रत्येक गावाने एक सकाळ उचलावी. जुन्या लग्नपत्रिका फेकू नका, कार्यालयात आणून द्या. मुलांना शिकवावे कसे, हे आमच्या तरुणांना समजावून सांगण्यासाठी एप्रिलमधील दोन शनिवार पूर्वेकडचे ते पाळकसाहेब येणार आहेत. त्यांना मी बोलावले आहे, आणि दारात उभा मी असेन.