दात दाखवा, अवलक्षण होत नाही!

परीक्षेच्या आदल्या रात्री दाढ ठणकते. लवंग, मेडिकलवरची गोळी आणि ‘पेपर झाले की बघू’, हा आपला ठरलेला इलाज. यामागे खरं तर बिलाची धास्ती असते. आरोग्य विमा असला, तरी अपघात सोडून दातांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

पण नाशिककरांनो, पर्याय आहेत. पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात; वेळ जास्त लागतो, पैसे कमी. ‘शिकाऊच्या हाती दात कसा द्यायचा?’ अरे, उद्या आपणही कुठेतरी शिकाऊच असणार ना! शिवाय राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून उपचार मोफत आहेत. म्हणून आधी सिव्हिलमध्ये चौकशी करा.

कीड वरवर असते तेव्हा दाढ भरून भागतं. ती आत नसेपर्यंत गेली, की रूट कॅनाल, वर कॅप. म्हणजे टाळाटाळच महाग पडते. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. पेपर पुन्हा देता येतो.